एंजिनाच्या उष्णतेला वाट कोठून द्यावी?



अमेरिकेंत ‘मसल कार’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मोटारी आपणांपैकीं पुष्कळांनीं निदान चित्रपटांतून तरी पाहिल्या असतील. लांबलचक बॉनेट, आंखूड शेपूट, आणि गाडी उभी असतांनाही धडधडणारें एंजिन, असें त्यांचें एकंदर रूप असतें. मध्यम बांध्याची, चारचौघींसारखी दिसणारी गाडी घ्यावयाची आणि तिच्या पोटांत मोठ्या गाडीचें दांडगें एंजिन बसवावयाचें, एवढाच या जातीचा मूळ मंत्र. १९६४ सालीं जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅक शाखेनें आपल्या टेंपेस्ट गाडींत ३८९ घन इंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें, आठ नळकांड्यांचें एंजिन घालून तिला जी. टी. ओ. असें नांव दिलें. तेथपासून या वंशाची सुरवात धरण्याचा प्रघात आहे. १९७० पर्यंत ही चढाओढ इतकी वाढली कीं शेव्हरोलेटच्या शेव्हेल गाडींत ४५४ घन इंचांचें, कारखान्याच्या आंकड्याप्रमाणें ४५० अश्वशक्तीचें एंजिन मिळूं लागलें. पुढें धुरासंबंधींचे कायदे, विम्याचे चढते हप्ते आणि १९७३ चा तेलाचा तुटवडा यांनीं हा खेळ आटोपला. गाड्या मात्र उरल्या आहेत. पन्नाससाठ वर्षें वयाच्या या गाड्या तिकडे हौसेनें जतन केल्या जातात, सुटीच्या दिवशीं बाहेर निघतात, आणि उन्हाळा आला कीं त्यांच्या मालकांना एक विवंचना हटकून गांठते. एंजिन तापतें. मग मनुष्य बॉनेटकडे पाहूं लागतो आणि मनाशीं म्हणतो, या पत्र्याला एक भोंक पाडलें तर आंतली उष्णता निघून जाईल.

विचार चुकीचा नाहीं. परंतु तें भोंक कोठें पाडावयाचें यावर सर्व कांहीं अवलंबून आहे, आणि जी जागा मनाला सहज सुचते ती बहुधा नेमकी उलट ठरते. त्याचविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

प्रथम उष्णता किती असते तें पाहूं. पेट्रोलमध्यें जी शक्ति सांठलेली असते तिच्यापैकीं सुमारें चौथा हिस्सा, फार तर तिसरा, चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीच्यांतील मोठा भाग धुराबरोबर नळींतून निघून जातो, आणि जवळ जवळ तेवढाच एंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यानें रेडिएटरकडे पोंचविला जातो. अशी एखादी गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगानें चालली आहे आणि तासाला २० लिटर पेट्रोल पीत आहे असें धरा. या गाड्यांच्या मानानें ही भूक अवास्तव नाहीं. एका लिटरांत सुमारें ३२ मेगाजूल शक्ति असते. हिशेब केला तर जळणाऱ्या पेट्रोलची शक्ति १७८ किलोवॉटच्या आसपास येते, आणि तिच्यांतील पन्नासएक किलोवॉट रेडिएटरच्या वांट्यास येतात. आपल्या घरीं आंघोळीचें पाणी तापविण्याची एक किलोवॉटची विजेची कांडी असते. तशा पन्नास कांड्या एकदम चालू आहेत असें समजावें. ही उष्णता वाहून नेतांना हवा ४० अंशांनीं तापूं द्यावयाची असें ठरविलें, तर दर सेकंदाला सुमारें एक घनमीटर हवा रेडिएटरमधून गेली पाहिजे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलींतील सगळी हवा अर्ध्या मिनिटांत!

ही हवा आंत येते ती वाट सर्वांना दिसते. गाडीच्या तोंडाशीं जाळी असते. ती बाहेर कोठून जाते, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. या गाड्यांत तिला निघण्यासाठीं धड दरवाजा ठेवलेलाच नव्हता. एंजिनाचा धिप्पाड ठोकळा, त्याच्या दोन्ही बगलांस धुराच्या तापलेल्या नळ्या, सुकाणूचा दांडा, बॅटरी, अशा गर्दींतून वाट काढीत ती खालीं उतरते आणि गिअरपेटीच्या कडेनें गाडीच्या पोटाखालीं जाते. तेथेंही ती निमूटपणें जात नाहीं. गाडीचें तोंड किंचित् वर उचलूं पाहते, आणि वेगांत सुकाणू हलकें लागूं लागतें. जेवढी हवा खालून सुटत नाहीं तेवढी एंजिनाच्या कोठडींत दाटते, तेथील दाब वाढतो, आणि रेडिएटरमधून नवी हवा आंत शिरण्यास अटकाव होतो. ओटीचें पुढलें दार आणि परसाचें मागलें दार दोन्ही उघडीं असलीं म्हणजे घरांत वारा खेळतो, आणि मागलें लावलें कीं पुढच्या दाराची झुळूकही थांबते, हें वाड्यांत राहिलेल्या माणसास सांगावयास नको. तोच न्याय येथें आहे. बॉनेटला योग्य जागीं वाट दिली तर कोठडी तर निवतेच, शिवाय रेडिएटरही अधिक काम करूं लागतो, आणि हा दुसरा लाभ पुष्कळांच्या लक्षांतच येत नाहीं.

फार जुन्या मोटारी ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना बॉनेटच्या दोन्ही बगलांवरील उभ्या फटींची रांग आठवेल. फोर्डच्या मॉडेल ए गाडीला ती होती. पुढें बॉनेट आणि मडगार्ड हीं एकमेकांस चिकटलीं, गाडीचें अंग गुळगुळीत झालें, आणि त्या फटी गेल्या. मला स्वतःला ती फटींची गाडी अधिक देखणी वाटते. पण तें असो.

आतां बॉनेटवरील नाकपुड्यांविषयीं. अशा गाड्यांच्या बॉनेटवर उंचवटे करून त्यांना तोंडें ठेवलेलीं असतात. त्यांस तिकडे ‘स्कूप’ म्हणतात. १९६४ च्या जी. टी. ओ.वर अशा दोन नाकपुड्या होत्या, आणि त्या दोन्ही बुजविलेल्या होत्या! केवळ शोभा. त्या उघड्या करण्याचें साहित्य १९६५ सालीं विक्रेत्यांकडे मिळूं लागलें. नंतर अनेक कारखान्यांनीं खरोखर हवा घेणाऱ्या नाकपुड्या काढल्या. पण त्यांचें काम कोणतें? एंजिनाला श्वास घेण्यासाठीं बाहेरची थंड हवा मिळवून देणें. थंड हवा दाट असते, तींत प्राणवायु अधिक असतो, आणि त्यामुळें एंजिनाची शक्ति थोडी वाढते. कोठडींतील उष्णता बाहेर काढण्याशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. श्वास घेण्याचें छिद्र आणि धूर जाण्याचें धुराडें यांत जेवढा फरक, तेवढाच हा फरक आहे. बाजारांत मिळणारा उंचवट्याचा तयार पत्रा आणून ‘आतां गाडी निवेल’ असें समजणारा मनुष्य या दोहोंची गल्लत करीत असतो.

ही गल्लत होण्यास एक कारणही आहे. कांहीं गाड्यांच्या नाकपुड्यांचें तोंड मागें, म्हणजे चालकाच्या समोरील कांचेकडे असतें. १९६९ च्या कॅमॅरोला असें बॉनेट मागवितां येत असे. १९७० च्या शेव्हेलमध्यें तर बॉनेटच्या मागील बाजूस एक झडप होती, आणि चालकानें पाय पूर्ण दाबला म्हणजे ती आपोआप उघडे. त्याच सालच्या पाँटिअ‍ॅक ट्रॅन्स अ‍ॅममध्यें एंजिनावर बसविलेली नाकपुडी बॉनेटमधून डोकें काढून उलट्या दिशेस तोंड करून बसलेली असे. मागें तोंड असलेलें भोंक पाहिलें कीं कोणासही वाटेल, येथून गरम हवा बाहेर पडत असेल. वस्तुस्थिति अशी कीं या तिन्ही ठिकाणीं हवा आंत ओढली जाते, आणि कारखान्यानें ती योजना त्याच हेतूनें केलेली होती.

हें असें कां होतें? गाडी वेगानें जाऊं लागली म्हणजे तिच्या अंगावरून वाहणाऱ्या हवेचा दाब सर्व ठिकाणीं सारखा राहात नाहीं. वाहत्या द्रवाचा वेग वाढला कीं त्याचा दाब उतरतो, हें तत्त्व डॅनिएल बर्नूली यानें १७३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत मांडलें. हवेलाही तें लागू पडतें. गाडीच्या तोंडावर आपटलेली हवा बॉनेटच्या पुढल्या कांठावरून वळून वर येते, तेव्हां तिचा वेग वाढतो आणि तेथें दाब कमी होतो. बॉनेटवरून ती मागें सरकते तसतसा हा दाब पूर्ववत् होत जातो. शेवटीं आडवें बॉनेट आणि चढती कांच यांचा जो कोपरा आहे तेथें हवा अडते, मंदावते, आणि दाब बाहेरच्या शांत हवेपेक्षांही वाढतो. मोटार बनविणाऱ्यांना हें पक्कें ठाऊक असतें. गाडींत बसणाऱ्यांना ताजी हवा मिळावी म्हणून जी जाळी ठेवतात, ती कांचेच्या पायथ्याशीं याचसाठीं असते; तेथें हवा आपण होऊन आंत शिरते, पंखा लागत नाहीं.

आणि तरीही सर्वांत अधिक प्रचारांत असलेला घरगुती उपाय कोणता, तर बॉनेटच्या मागल्या बिजागऱ्यांखालीं दोन-चार वायसर घालून त्याची मागची कड बोटभर उचलावयाची! पैसा लागत नाहीं, पत्रा कापावा लागत नाहीं, आणि चौकांत दिव्यापाशीं गाडी उभी राहिली म्हणजे त्या फटींतून ऊन हवेच्या लाटा निघतांना डोळ्यांना दिसतात. मालकाची खात्री पटते. उभ्या गाडीपुरती ती खात्री खरी आहे. उष्ण हवा हलकी असते आणि वरची फट सांपडली कीं ती वर जाते. परंतु गाडीनें वेग घेतला कीं कांचेपाशीं दाब वाढतो आणि तीच फट उलटी वाहूं लागते. कोठडींत आधींच दाटलेल्या हवेंत मागून आणखी हवा घुसते. ज्या वेळीं वाट हवी असते त्याच वेळीं ती बंद होते.

माझा एक जुना विद्यार्थी मिशिगन राज्यांत असतो. त्याच्याजवळ १९६९ सालची कॅमॅरो आहे. त्यानें मित्रांच्या सांगण्यावरून हाच उपाय केला, आणि नंतर मला पत्र लिहिलें. गांवांत गाडी निवली होती. मोठ्या रस्त्यावर कांटा पूर्वीपेक्षां वर जाऊं लागला होता, आणि मागें बसणारीं दोन्ही मुलें पेट्रोलचा वास येतो, डोकें दुखतें, अशी तक्रार करीत होतीं. मोटारींतला जाणता म्हणून त्यानें मला विचारलें नव्हतें. शाळेंत वाकड्या कांचनळींतील पाण्यानें दाब मोजण्याचा प्रयोग त्यानें माझ्यापुढें केला होता, तो त्याला आठवला होता.

कांट्याची गोष्ट मागाहून. मीं त्याला उत्तर धाडलें तें डोकेदुखीविषयीं. वर सांगितलेली ताज्या हवेची जाळी आणि बॉनेटची मागली कड यांत वीतभर अंतर असतें. मूळच्या गाडींत त्या कडेला रबराची एक पट्टी असते. ती कोठडींतील हवा जाळीकडे जाऊं देत नाहीं. बॉनेट उचललें कीं ती पट्टी अधांतरीं राहते. अशा वयाच्या गाडीच्या धुराच्या नळ्या सांध्यांत कोठें तरी फुंकत असतातच. गाडी दिव्यापाशीं उभी असतांना फटींतून वर येणारी हवा नुसती गरम नसते. तींत कार्बन मोनॉक्साइड असूं शकतो, आणि तो सरळ जाळींतून मुलें बसलेल्या भागांत जातो. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें जें द्रव्य आहे त्याला तो प्राणवायूपेक्षां कितीतरी घट्ट धरून बसतो. पेट्रोलचा वास आला हें त्या कुटुंबाचें दैवच म्हणावयाचें, कारण त्यामुळें कोणी तरी चौकशी केली. वायसर त्याच दिवशीं काढून टाक, पट्टी नवी बसव, आणि धुराच्या नळ्यांचे सांधे तपासून घे, एवढें मीं लिहिलें आणि मग नळीच्या प्रयोगाकडे वळलों.

तो प्रयोग कोणासही करतां येण्याजोगा आहे. पारदर्शक रबरी नळी इंग्रजी यू अक्षराप्रमाणें फळीवर बांधावयाची, तींत रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरावयाचें, आणि फळी गाडींत सोबत्याच्या मांडीवर ठेवावयाची. चालकानें फक्त रस्त्याकडे पाहावें, आंकडे सोबत्यानें टिपावेत. नळीचें एक टोंक खिडकींतून नेऊन एंजिनाच्या कोठडींत सोडावयाचें, दुसरें बॉनेटच्या पाठीवर चिकटपट्टीनें असें बसवावयाचें कीं तें वाऱ्याच्या तोंडीं उभें न राहतां पत्र्यालगत राहील. दाब जेथें कमी, त्या बाजूचें पाणी चढतें. बॉनेटवरील टोंकाची बाजू चढली तर तेथें छिद्र पाडल्यास हवा बाहेर येईल. उतरली तर आंत जाईल. याहून अधिक विद्या लागत नाहीं. पाणी किती चढेल याचाही अंदाज करतां येतो. ताशीं १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा पूर्ण धक्का पाण्याच्या सुमारें ४७ मिलिमीटर उंचीइतका असतो, ५० किलोमीटरला तो फक्त १२ मिलिमीटर भरतो. कारण वेग अर्धा झाला कीं धक्का चौथाईवर येतो. बॉनेटवर प्रत्यक्ष जो फरक मिळतो तो या धक्क्याचा कांहीं अंश असतो. म्हणून प्रयोग सावकाश चालीनें केला तर पाणी हललेलें दिसावयाचें नाहीं.

विद्यार्थ्यानें एका रविवारीं मोकळ्या रस्त्यावर तें केलें. बॉनेटवर लोकरीचे आंखूड धागेही ओळीनें चिकटविले, म्हणजे वारा कोठें सरळ वाहतो आणि कोठें घोटाळतो तें दिसावें. पुढल्या तिसऱ्या हिश्श्यांत पाणी स्पष्टपणें चढलें. मागें मागें टोंक सरकविलें तसतसा फरक घटत गेला, एका ठिकाणीं दोन्ही बाजू सारख्या झाल्या, आणि कांचेजवळ पाणी उलट उतरलें. तेथील धागे तर नाचत होते. जेथें वायसर घातले होते ती जागा आणि जेथें वाट द्यावयास हवी ती जागा, यांत बॉनेटची जवळ जवळ संपूर्ण लांबी होती!

मोटारींच्या शर्यतींत उतरणाऱ्यांना ही जागा पूर्वींच ठाऊक होती. १९६६ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक फोर्डच्या जी. टी. ४० गाड्यांनीं पटकावले. त्या गाडींत एंजिन मागें असतें, पण रेडिएटर नाकांत असतो, आणि त्यांतून आलेली गरम हवा लगेच वरच्या पृष्ठावरील मोकळ्या तोंडांतून बाहेर टाकलेली असते. तीच युक्ति रस्त्यावरील गाड्यांत यावयास फार काळ लागला. फोर्डच्याच २०२० सालच्या शेल्बी जी. टी. ५०० या ७६० अश्वशक्तीच्या गाडीच्या बॉनेटमध्यें ३१ इंच गुणिले २८ इंच एवढें तिरप्या पट्ट्यांचें झरोक्यासारखें तोंड आहे. म्हणजे आमच्या वर्गांतील बाकाच्या फळीएवढी जागा कारखान्यानें स्वतः उघडी ठेवली.

तथापि हातांत करवत घेण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःला विचारावा. गाडी केव्हां तापते? चौकांत, रांगेंत उभी असतांना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर दोष हवेच्या मार्गांत नाहीं. पंखा लहान आहे, अथवा पंख्याभोंवतालचें कडें नाहींसें झालें आहे आणि तो तीच ती हवा घुसळतो आहे. हें कडें पुष्कळ जुन्या गाड्यांतून कोणी तरी दुरुस्तीच्या वेळीं काढून ठेवलेलें असतें आणि परत बसविलेलें नसतें. उलट, वेगांत तापत असेल तर रेडिएटर आंतून कचऱ्यानें भरला आहे कां, पाणी फिरविणारा पंप झिजला आहे कां, ठिणगीची वेळ चुकली आहे कां, हें आधीं पाहावें. झांकणाचीही परीक्षा करावी. १५ पौंड दाबाच्या झांकणाखालीं पाणी १०० अंशांवर न उकळतां सुमारें १२१ अंशांपर्यंत दम धरतें. झांकण सैल पडलें कीं हा दम जातो. (तापलेलें झांकण उघडूं नये हें मोटार बाळगणाऱ्यांस ठाऊक असतें, तरी सांगून ठेवतों.) हें सगळें ठीक असूनही कांटा चढत असेल, तरच बॉनेटला हात लावावा.

थांबविलेल्या गाडीचा त्रास आणखी वेगळा. एंजिन बंद केलें कीं पाणी फिरत नाहीं, पंखा थांबतो, आणि ठोकळ्यांतील उष्णता वर चढून कार्ब्युरेटरला भाजते. आंतील पेट्रोल उकळतें आणि दहा मिनिटांनीं गाडी सुरू होतां होत नाहीं. अमेरिकेंत पेट्रोलमध्यें सर्रास दहा टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें आणि त्यानें पेट्रोल अधिक उडून जाऊं पाहतें, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ही पीडा पूर्वीपेक्षां जास्त होते. पुढील झरोका याही कामीं थोडा उपयोगी पडतो; पण घरीं पोंचल्यावर बॉनेट सरळ उघडून ठेवणें हा उपाय त्याहून चांगला, आणि फुकट.

आतां प्रत्यक्ष काम. कारखान्यांतून आलेलें मूळ बॉनेट कापूं नये. त्या सालचा पत्रा आतां पुन्हां निघावयाचा नाहीं, आणि गाडीची किंमत मूळ अवयवांवर ठरते. नकलेचें नवें बॉनेट लोखंडी पत्र्याचें किंवा फायबरग्लासचें मिळतें. तें कापावें आणि मूळचें कापडांत गुंडाळून ठेवावें. बॉनेट हा एकेरी पत्रा नसतो. त्याच्या पोटाला घडीव पट्ट्यांची चौकट असते, आणि बॉनेटची ताकद तींत असते. छिद्र या पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागींच बसलें पाहिजे. या गाड्यांच्या बिजागऱ्यांना भक्कम स्प्रिंग असतात. चौकट तोडलेलें बॉनेट मिटतांना त्यांच्या ताणानें मागील बाजूस चक्क मुडपतें. आधीं कागदाचा सांचा करावा, तो वरून आणि खालून दोन्हीकडून लावून पाहावा, रंगावर चिकटपट्टी मारावी, आणि चारही कोपऱ्यांना प्रथम गोल भोंकें पाडून मग त्यांच्यामधील रेघ कापावी. कोपरा टोंकदार ठेवला तर थरथरीनें तेथून पत्र्याला चीर जाते. कडा कानशीनें घासून, गंज न चढावा म्हणून उघड्या धातूवर लगेच अस्तराचा रंग द्यावा.

त्या तोंडावर तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवितात. पट्ट्यांचीं तोंडें मागें असावींत. छिद्राच्या पुढल्या कांठाशीं अंगठ्याच्या पेराएवढी उभी कड ठेवली तर तिच्यावरून उडी घेणारी हवा मागें आणखी पोकळी करते आणि गरम हवा जोरानें ओढली जाते. हा लहानसा तुकडा पुष्कळ वेळां जाळीच्या आकाराहून अधिक काम करतो. कोणी कोणी जाळी न बसवितां बॉनेटच्या पत्र्यालाच यंत्रांत दाबून फटी उमटवितात. दिसण्यांत तें सुरेख. परंतु एका ओळींत पुष्कळ फटी दाबल्या कीं पत्रा ओढला जाऊन फुगतो, म्हणून तें काम सरावाच्या कारागिराकडेच द्यावें.

राहतां राहिला पाऊस. बॉनेटला पुढें तोंड केलें म्हणजे पाणी आंत येणार. तें कोठें पडेल हें गाडीच्या घराण्यावर अवलंबून आहे. शेव्हरोलेटच्या आठ नळकांड्यांच्या एंजिनांत ठिणगी वांटणारा डिस्ट्रिब्यूटर मागल्या बाजूस, कांचेकडे असतो. पुढील झरोक्यांतून पडणारें पाणी त्याच्यापर्यंत सहसा जात नाहीं. फोर्डच्या त्या काळच्या एंजिनांत तो पुढें, बरोबर झरोक्याखालीं येतो, आणि वळवाच्या एका सरीनें गाडी रस्त्यांत बंद पडते. यास्तव फोर्डवाल्यांनीं झरोक्याखालीं पन्हळीसारखें उथळ तबक बसवून पाणी दोन्ही बाजूंस मडगार्डच्या आंतून खालीं सोडावें. वर सांगितलेल्या २०२० च्या गाडींतही कारखान्यानें असें अ‍ॅल्युमिनियमचें तबक दिलें आहे, आणि तें काढतां येतें. शर्यतीच्या दिवशीं काढावयाचें, पावसांत पुन्हां बसवावयाचें. शेव्हरोलेटच्या मालकांनींही गाडी उघड्यावर ठेवावी लागत असेल तर तबक करून घ्यावें, कारण साचलेलें पाणी बेल्टवर आणि बॅटरीवर तर पडतेंच.

काम झालें कीं नळी पुन्हां जोडावी. या वेळीं एक टोंक रेडिएटरच्या पुढें, जाळीपाशीं, आणि दुसरें कोठडींत. दोहोंतील फरक पूर्वीपेक्षां वाढलेला दिसला म्हणजे रेडिएटरमधून अधिक हवा जाऊं लागली असें समजावें. न वाढल्यास जाळी फार दाट आहे किंवा तबक वाट अडवीत आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडींत प्रथम फरक वाढला नाहीं. त्यानें बारीक जाळी काढून मोठ्या डोळ्यांची बसविली, आणि मग पाणी हललें. मुलें आतां मागें बसतात. बॉनेटच्या पुढल्या कुलपाखेरीज दोन बाजूंना दोन खुंट्याही त्यानें लावून घेतल्या आहेत, कारण या गाड्यांचें बॉनेट मागल्या बाजूनें बिजागरीवर असतें, आणि पुढलें कुलूप निसटलें तर वारा तें उचलून थेट कांचेवर आपटतो.